चौऱ्याण्णव मिलिमीटर

पाच पानं छापून झाली होती आणि प्रत्येकावर तीन काळे डाग होते. वहिनींना पाच वाजेपर्यंत प्रबंध जमा करायचा होता आणि त्या ऑफिसच्या प्रिंटरला थापट्या मारत होत्या.

"भावोजी, तुमचं विज्ञान काय म्हणतं?"

मी पट्टी लावली. दर दोन डागांत चौऱ्याण्णव मिलिमीटर अंतर होतं.

"आत जे गोल फिरतंय, त्याचा घेर एवढाच असणार. त्याला काहीतरी चिकटलंय, म्हणून दर फेरीला डाग पडतोय."

ड्रम बाहेर काढला, तर त्यावर चिमुकलं लेबल!

"सकाळी पोराच्या वह्यांची लेबलं छापली," वहिनी पुटपुटल्या. "अर्धी सोललेली शीट होती. वाया कशाला घालवायची?"

"मग काटकसर प्रिंटरनं गिळली."

"चेष्टा नंतर करा, आधी ते काढा!"

मी लेबल अलगद सोलून काढलं. साडेचारला एकशे बारा पानं छापून झाली. डाग शून्य.