पुन्हा जोडलेला प्रोग्राम

मुदत संपलेलं औषध गोदामातून बाहेर गेलं आणि आमच्या संगणक विभागाच्या साहेबांनी तडक बोट दाखवलं ते भाऊजींकडे. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, गोदामप्रमुख. किल्ल्या मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवून ते मान खाली घालून बसले होते. माझं डोकंच फिरलं.

"प्रोग्राम चोख आहे," साहेब टाय सारखा करत म्हणाले. "मुदत संपलेला माल आपोआप अडवतो. हा बघा सोर्स. यांनीच निष्काळजीपणा केला."

सोर्स म्हणे! तो नुसता लिहिलेला मजकूर; चालतो तो त्यावरून बनवलेला, कंपाइल केलेला प्रोग्राम. त्यात मुदत तपासणारा तुकडा जोडला की त्याची नक्कल आत जाऊन बसते. मग तुकडा कितीही सुधारा, प्रोग्राम पुन्हा जोडला नाही तर आतली जुनी नक्कलच चालत राहते. साहेबांनी गेल्या वर्षी तो तुकडा सुधारला आणि ऑफिसभर स्वतःची टिमकी वाजवली. त्या गडबडीत प्रोग्राम पुन्हा जोडायचा राहिला असणार, याची मला खात्री होती.

"प्रोग्राम कशाकशापासून बनलाय, ते मशीनलाच विचारू," मी म्हटलं.

"विचारू की. जेवून घेऊ आधी," साहेब घाईघाईने उठले.

परत आल्यावर मी तपशील काढला. आतला तुकडा सुधारलेला! साहेब गालातल्या गालात हसले.

"झालं समाधान?"

"झालं ना. प्रोग्राम बनवलाय आजच, जेवणाच्या सुट्टीत. बनवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे."

"मी नुसता पुन्हा जोडला. आधीही असाच होता. आता जुना राहिलाच नाही, तर दाखवू काय?"

काय म्हणावं या माणसाला! या मशीनवर केस पांढरे केले आणि तिथली अडगळीची खोली ठाऊक नाही. असा प्रोग्राम बदलला की जुना लगेच पुसला जात नाही, मशीन बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत एका वेगळ्या लायब्ररीत पडून राहतो. मी तो शोधून उघडला. आतला तुकडा सुधारणेच्या आधीचा होता, मुदत संपलेला माल सोडून देणारा.

मालकीणबाईंनी किल्ल्या भाऊजींपुढे सरकवल्या.

"सकाळी मला निष्काळजी म्हणालात," भाऊजींनी साहेबांना विचारलं, "तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही हो, शपथेवर सांगतो! जेवणाच्या सुट्टीत कळलं."

भाऊजींनी किल्ल्या उचलल्या.

"मग जेवण झाल्यावर सांगायचं होतं."