अंतर्यामी महाराज आणि दुबईतला नवरा

घणसोली गावातल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अंतर्यामी महाराज समोरच्याला तोंडही उघडू न देता त्याचं आयुष्य वाचत होते. कुणाच्या सुनेचं नाव, कुणाची बदली, कुणाचं भावाशी भांडण. "आईशप्पथ!" म्हणत माणसं पायावर पडत होती. दर्शन फुकट. फक्त दारातला क्यूआर स्कॅन करून महाराजांचं ॲप घ्यायचं, ते विचारेल त्याला 'हो' म्हणायचं, की टोकन नंबर मिळे. इतका निरिच्छ साधू!

माझ्या शेजारच्या विजयमालाकाकी तिथून परतल्या त्या रडतच.

"अस्मिता, मी एक अक्षर बोलले न्हाई. तरी म्हणाले, माई, छातीत गाठ हाय, सोमवारी डॉक्टर सुई टोचणार! हे मी पोरीलासुदिक सांगितलं नव्हतं."

"मग?"

"सुई लावली तर गाठ पसरंल म्हणाले. अंगारा दिलाय. सोमवारचं रद्द केलं."

त्यांची मुलगी राजनंदिनी शेजारी सुन्न उभी होती. आईचं दुखणं तिला भर गर्दीत कळलं होतं.

मी महापेला कॉम्प्युटर सुरक्षेचं काम करते. देवाशी माझं वैर नाही, पण देव ॲप काढतो तेव्हा शंका येते.

"काकी, रिपोर्टचा फोटो काढलेला?"

"हो. हॉस्पिटलचा मेसेजही होता फोनात."

मी एक जुना फोन पुसून कोरा केला, नवं सिम घातलं. त्यात माझी बहीण वैशाली हिचा नंबर 'अहो' या नावानं सेव्ह केला. मग तिच्याकडून मेसेज मागवला : 'दुबईत पाय मोडलाय. आईला सांगू नकोस.' मग दोघी मायलेकींना घेऊन दर्शनाला गेले आणि दारात त्या फोनवर महाराजांचं ॲप घेऊन सगळ्याला 'हो' म्हटलं.

टोकन पाहून महाराजांनी डोळे मिटले. हात फेट्याकडे, कानापाशी गेला.

"बेटी, नवरा परदेशात. दुबई! पाय मोडलाय. सासूपासून लपवतोय."

हॉल हळहळला.

"महाराज, माझं लग्नच झालेलं नाही."

फेटा सावरत महाराज म्हणाले, "मागच्या जन्मीचा नवरा."

"मागच्या जन्मी दुबईला?"

मागून कुणीतरी खो-खो हसलं. तेवढ्यात राजनंदिनीनं आसनामागचा पडदा ओढला. एक शिष्य माइक लावून लॅपटॉपसमोर बसला होता. स्क्रीनवर माझ्या फोनातला मेसेज उघडा होता, 'अहो'सकट. महाराजांच्या फेट्याखालून छोटा इअरफोन निघाला.

मी काकींच्या फोनची सेटिंग उघडून सगळ्यांना दाखवली. फोटो, मेसेज, कॉन्टॅक्ट, सगळ्याची परवानगी त्या ॲपला दिलेली. टोकन नंबर सांगायचा, तुमचा फोन कोणता ते. पुढचं शिष्य लॅपटॉपवर वाचून कानात सांगायचा आणि महाराज बोलायचे.

"म्हणजे माझा रिपोर्ट ह्या मेल्यानं वाचला?" काकी ओरडल्या. पोलीस येईपर्यंत त्यांनी महाराजांना उठू दिलं नाही. तरी बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणालेच, "आज नेटवर्क वीक असेल महाराजांचं."

काकींनी रद्द केलेली वेळ हॉस्पिटलकडून परत मागून घेतली आणि सोमवारी सुई टोचून तपासणी करून घेतली. गाठ वाईटच निघाली, पण लहान होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आता उपचार चालू आहेत. अंगाऱ्यावर राहिल्या असत्या तर, हा विचार राजनंदिनी अजून करू शकत नाही.

त्या माणसाला तुमच्या मनातलं काही दिसत नव्हतं. फोनात जे होतं तेच दिसत होतं, आणि ते आपणच बोटानं दाबून दिलं होतं. ॲप देवाचं असो की दुकानाचं, परवानगी मागितली की आधी विचारा, 'कशाला?' उत्तर पटलं नाही, तर 'नको' हेही बटण तिथंच असतं.