चौसष्ट जणांनी घेतलेलं नाव

मी एक वाळवलेला नमुना आहे. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात, कपाट नंबर चारमध्ये, जाड कागदावर शिवून ठेवलेला. मला बोलायला कुणी सांगितलेलं नाही, पण आता राहवत नाही.

हेदवीच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावर, कातळाच्या भेगेत मी वाढलो. बोटभर उंची, निळी फुलं. मला ओळखायची ती एकटी मालन. तिची लेक मथुरा नवव्या वर्षी तापानं गेली. पोर माझीच फुलं केसांत खोवायची. तिचा साधा फोटोसुद्धा घरात नाही.

समर्थ सर वनस्पतींचे संशोधक. मालननंच त्यांना माझी जागा दाखवली. मला बघून सरांनी गुडघेच टेकले. "मालनताई, हे रोप जगात कुणाला ठाऊक नाही! काय देऊ तुम्हाला?"

"मना काय नको. ह्याला माज्या पोरीचां नाव द्या."

"दिलं!" म्हणाले, आणि मला मुळासकट उपटलं.

रद्दी पेपरात घालून, फळ्यांखाली दाबून सुकवलं. नावासाठी मेलो, अशी मी मनाची समजूत घातली. पण नाव द्यायच्या वेळी सरांची बढती अडली होती. बढतीला सायटेशन लागतात, म्हणजे इतरांनी आपापल्या निबंधांत तुमच्या निबंधाचा उल्लेख करायला हवा. सरांनी मला विभागप्रमुख महिपत सरांचं नाव देऊन टाकलं. मग काय विचारता! महिपत सरांचे विद्यार्थी, त्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी, जो तो उल्लेख करत सुटला, चौसष्ट उल्लेख झाले. बढती झाली, पेढे वाटले. मेल्याला लाज कशी ती वाटली नाही.

गेल्या मंगळवारी मालन आली, दोन एसट्या बदलून. सरांनी मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं.

"सायेब, नाव लागलां ना?"

"लागलं की."

"कुठं हाय? बोट ठेवा."

सरांनी माझ्या कागदावरच्या 'महिपत'वर बोट ठेवलं. त्या माउलीला अक्षरओळख नाही. तिनं अक्षरांवरून हात फिरवला, कपाळ टेकलं.

"किती मानसां घेतात वो तिचां नाव?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चौसष्ट."

"अगो बाय! चौसष्ट मानसां माज्या मथुरेचां नाव घेतात!" ती रडली, हसली, सरांच्या पाया पडली. सरांनी पडू दिलं.

एव्हाना तिनं गावभर सांगितलं असेल. तुम्हाला वाचता येतं, म्हणून हात जोडतो. हेदवीला गेलात आणि ती भेटली, तर खरं सांगू नका. विचारलंन तर आकडा वाढवूनच सांगा.