तीन वॅटचा सोबती

मित्रांनो, परवापर्यंत गॅलरीच्या कोपऱ्यात एक रुंद, तपकिरी ठोकळा होता ना, ज्याच्या डोक्यावर कपड्यांचे गठ्ठे आणि तापलेली इस्त्री ठेवायचे, तो मी. जुना स्पीकर. आज मी गोड बोलणार नाही. मला राग आला आहे, आणि तो मी गिळणार नाही.

माझी छाती पातळ कागदाची आहे. फुंकर घातली तरी थरथरेल इतकी हलकी. पाठीला मात्र भक्कम लोहचुंबक, आणि आवाजाला घुमायला ऐसपैस लाकडी पेटी. म्हणून मला बोलतं करायला जोर लागत नाही. कुणी हळूच हाक मारली तरी मी ओ देतो.

ती हाक मारणारा माझा सोबती म्हणजे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. काचेच्या नळ्या, त्यांत निखाऱ्यासारखी लाल तार, आणि ताकद उणीपुरी तीन वॅट. आमच्या घरधनीण मावशी शिवणकाम करतात, तिचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी तो आपल्या हातांनी जुळवला आणि काखेत मारून दुकानामागून दुकान पालथं घातलं.

"तीन वॅट? एवढ्यात स्पीकरवरची माशी तरी उठेल का हो?" दुकानदार हसायचे.

यजमान मात्र अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे, आवाजाचं बटण जरासंच पिळायचे आणि दाराशी जाऊन कान देऊन उभे राहायचे. देखणे देखणे स्पीकर नुसते पुटपुटले. मी दारापर्यंत पोचलो.

"हा घेतो."

"अहो, स्पीकर आहे की कपाट?"

"कपाट तर कपाट. बोलतो छान."

तेव्हापासून मावशीच्या शिवणाच्या खोलीत आम्ही दोघं. तिचं मशीन कितीही खडखडलं, तरी त्यावरून गाणं तिच्या कानाशी जायचं. यजमान गेले, तेव्हाही तिनं आम्हाला मुकं केलं नाही. "घरात कुणीतरी बोलायला हवं," म्हणायची.

मग तिचा भाचा आला. प्रेमानंच आला, नाही कशाला म्हणू? पण प्रेमानं केलेला गाढवपणा हाही गाढवपणाच! दोन सडपातळ, चकचकीत स्पीकर घेऊन आला. पाठीवर ठसठशीत आकडा: दोनशे वॅट.

"मावशी, आता बघच तू. भिंती हादरतील!"

अरे शहाण्या, तो आकडा स्पीकर किती आवाज देतो याचा नाही. किती वीज सोसतो, याचा आहे. आणि त्या दोघांचे आवाज काढणारे पडदे इतके जड, की त्यांना नुसतं जागं करायलाच माझ्या सोबत्याचा जीव जायचा.

माझी रवानगी गॅलरीत झाली. तिथून मी रोज ऐकत होतो. बटण शेवटपर्यंत पिळलेलं, आणि माझा सोबती घसा फाटेपर्यंत खरखरतोय. गाणं मशीनच्या खडखडाटात बुडून जायचं.

"हा डबा संपला, मावशी. म्हातारा झाला."

म्हातारा! दात असते तर करकरा चावले असते. मावशीनं मग गाणं लावणंच सोडलं. खोलीत उरलं एकटं मशीन.

आणि एक दिवस भाच्यानं जुन्या वस्तूंचा व्यापारी आणला. "नळ्यांचे शोभेचे दिवे करतो," तो म्हणाला. "बाकीचं भंगारात."

"काय करायचं ते करा," मावशी सुईकडेच बघत म्हणाली.

"नळ्या पेटतात ना? चालवून दाखवा."

"दाखवतो की. पण माझे नवे स्पीकर नकोत, जळले-बिळले तर? तो गॅलरीतला ठोकळा जोडतो." ऐकलंत? जळायला मी!

डोक्यावरचे गठ्ठे उतरले. ओलीनं माझ्या कागदी छातीची एक कड उसवली होती. तार जोडली, रेडिओ लावला. नळ्या सावकाश तांबारल्या, आणि बटण अजून शेवटपर्यंत पिळलेलंच होतं!

मी असा गरजलो, की व्यापारी खुर्चीतून उडाला. भाच्यानं धावत जाऊन बटण मागे फिरवलं. मागे, आणखी मागे, आणि तरीही एका बाईचं गाणं खोलीभर पसरत राहिलं. मावशीचा पाय मशीनवरून निघाला.

"मावशी, अगं हा तर मेला होता!"

"मेला नव्हता रे. तू त्याला दगड ओढायला लावलंस." मग ती व्यापाऱ्याकडे वळली. "तुम्ही या आता. घरातलं माणूस विकायचं नाही."

भाच्यानं मान खाली घालून माझी उसवलेली कड पातळ कागदानं चिकटवली. खर्जात मी अजून फरफरतो. मुद्दाम नाही, पण लपवतही नाही.

मित्रांनो, घरात असा कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर थोड्या जोरावरही मोठ्यानं बोलणारा स्पीकर त्याला सोबत द्या. पाठीवरच्या आकड्याला भुलू नका. आणि कुणाला दुबळं म्हणण्याआधी त्याच्या गळ्यात काय बांधलंय, ते बघा. नाही बघितलंत, तर मी ओरडेन. मला ओरडायला तीन वॅट पुरतात.