गळक्या माठाची पोपटी

मी एक जुना माठ आहे, आणि माझ्यात पाण्याचा थेंब ठरत नाही. मित्रांनो, माठाला आपली ओळख अशी करून द्यावी लागते यापरती नामुष्की नाही. माझं तोंड काजळीने काळं झालं आहे, अंग भाजून भाजून खडबडीत झालं आहे. माझा मुक्काम वसईजवळच्या पापडी गावात, हिलरीच्या घराच्या मागच्या दारी, न्हाणीच्या भिंतीशी असतो, आणि तोही उपडा. मागच्या दारी कुणी पाहुणा डोकावला की मला अजून लाज वाटते. तरी सांगतो, कारण लाजेतलं मला जरा जास्तच कळतं.

मला घडवणाऱ्या कुंभाराने कष्टात काही कमी केलं नव्हतं. माती तुडवली, चाकावर चढवली, थोपटून थोपटून माझं पोट गोल केलं. पापडीच्या बाजारात हिलरीच्या बायकोने, रोझलिनने, टिचक्या मारून मला पारखलं तेव्हा मी खणखणीत वाजलो. तिने मला घरी नेऊन तिवईवर बसवलं, गळ्यापर्यंत पाणी भरलं, वर झाकणी ठेवली. सकाळी बघतात तर स्वयंपाकघरात तळं! माझ्या बुडाला सुईएवढं भोक निघालं. शेजारच्या पितळी हंड्याने मला एका शब्दानेही हिणवलं नाही, पण तो ज्या ऐटीत भरलेला उभा होता ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोझलिन मला उकिरड्यावर टाकायला निघाली.

"टाकू नको गं," हिलरी म्हणाला. "पोपटीला होईल."

पोपटी म्हणजे थंडीतलं उघड्यावरचं जेवण. बांधावर भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला उगवतो. तो मडक्यात तळाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती झावळ्या, पेंढा रचून जाळ करायचा. माझं भोक अशा वेळी वरच्या बाजूला येई. हिलरी त्यावर चिखलाचा गोळा थापायचा, की झालं. ज्या खोटीपायी मी स्वयंपाकघरातून हाकलला गेलो, ती इथे एका गोळ्यात झाकली जायची.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. हिलरीची बागायती वाडी होती, केळी आणि पानवेलींची. वाडीच्या कडेला विहीर, आणि विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत आमची पोपटी लागायची. शेजारच्या वाडीतला त्याचा चुलतभाऊ पॉल झावळ्या ओढत आणायचा. दोघे लहानपणापासून एकत्र वाढलेले, भांडायचेही एकत्र. नाताळ झाला की दर चार दिवसांनी कुणीतरी विचारायचं, "मडकं कधी लावतोस?" पहाटे दव, दुपारी कोवळं ऊन, संध्याकाळी जाळाभोवती माणसं. थंडीत हिलरी घरात दिसायचाच नाही.

मग नव्वद सालानंतर विरार, नालासोपाऱ्याकडच्या इमारती सरकत सरकत आमच्यापर्यंत आल्या. गावाची बैठक झाली. वाडी बिल्डरला विकायची नाही, असं ठरलं आणि सगळ्यांनी हात वर केले. हिलरीचा हात पहिल्या काही हातांत होता.

पण पुढच्या उन्हाळ्यांत विहिरीचं पाणी मचूळ झालं. पानवेली पिवळ्या पडल्या, केळी उभ्या राहीनात. हिलरीने पुष्कळ खटपट केली, मग हात टेकले आणि कुणाला न सांगता विहिरीकडचा तुकडा विकून टाकला. माती उकरणारं यंत्र आलं तेव्हाच गावाला कळलं. विहीर बुजली. तिथे इमारत उभी राहिली आणि मधे कंपाऊंडची भिंत आली.

मित्रांनो, गावाने त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणीच काही बोललं नाही. पॉलने तर येणंच बंद केलं. यामागचं कारण आपण ओळखलं, असं हिलरीला वाटलं. हात वर करून शब्द मोडणाऱ्याचं तोंड कोण बघेल?

पावसाळ्यात उरलेल्या वाडीत काही ना काही काम निघायचं. थंडी आली की मात्र तो मिटून जायचा. हवा गार झाली की त्याला विहिरीजवळचा जाळ आठवायचा, आणि त्या जागी आता लोकांच्या स्कूटरी लागायच्या. इमारतीकडची खिडकी त्याने कायमची लावून घेतली. चर्चमध्ये पहाटेच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जायचा तेव्हाही मागच्या बाकावर बसून सर्वांआधी बाहेर पडायचा. पुढे तेही थांबलं. दाढी वाढली, जेवण कमी झालं. नाताळचा कंदीलसुद्धा रोझलिनने स्टुलावर चढून एकटीने लावला.

"अवो, डॉक्टरकडे नाय तर नाय, जरा उन्हात तरी बसा," ती म्हणायची. "अंगाला बुरशी येईल अशानं."

"लोक बघतात."

"बघू दे. खातात काय तुमाला?"

तो कूस बदलायचा. पालथ्या घड्यावर पाणी, असं रोझलिन पुटपुटायची. मी बाहेर पालथाच पडलेला, त्यामुळे ती म्हण मला जरा जास्तच लागायची. माझ्याखाली बेडकाने घर केलं होतं. मालक आत तोंड लपवून आणि मी बाहेर. हा माणूस एखाद्या हिवाळ्यात उठायचाच नाही, अशी भीती रोझलिनच्या चेहऱ्यावर दिसायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही. फुटकं का होईना, मी घरातलं भांडं होतो, आणि माझा काही उपयोग नव्हता.

अशाच एका जानेवारीत इमारतीतली सुमेधा भिंतीवरून डोकावली. ती पेणकडची, लग्न होऊन इथे आलेली. नवरा रमेश सकाळी मुंबईला कामाला जायचा तो दिवेलागणीला परतायचा.

"आंटी, ते मडकं पोपटीचं आहे ना?" तिने विचारलं. "आमच्याकडे पण लावतात. इथे आमच्या घरात ऊनच येत नाही हो. थंडीत दिवसभर लाईट लावून बसायचं. नुसतं रडू येतं कधी कधी. रविवारी बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी मिळून पोपटी करायची म्हणतोय. द्याल का मडकं?"

रोझलिनने मला भिंतीवरून तिच्या हातात दिलं. इतक्या वर्षांनी मी विहिरीच्या जागेवर गेलो, तर खाली शहाबादी फरशी. सुमेधाने मला न्हाऊ घातलं. बेडूक निघाला तेव्हा पोरं खिदळली. मी शरमेने अर्धा झालो.

रविवारी संध्याकाळी तयारी झाली. भांबुर्डा, शेंगा, अंडी सगळं जमलं. पण सुमेधाने पोपटी आजवर फक्त खाल्लेली. लावायचे तिचे काका. तिने मला फरशीवरच उपडा ठेवला, भोवती खोक्यांचे पुठ्ठे आणि लाकडं रचली. पोरं अगदी जवळ उकिडवी बसली. रमेशने काडेपेटी काढली.

रोझलिनने ते बघण्यासाठी बंद खिडकी ढकलली होती. तिच्या खांद्यावरून हिलरीची नजर गेली. शहाबादी तापली की तडकते आणि तिच्या कपच्या उडतात, हे त्याला माहीत होतं. पोरांचे चेहरे फरशीपासून हातभर अंतरावर होते. तो पुरता उठलाही नव्हता तोच त्याचा आवाज बाहेर आला.

"अरे थांबा! फरशी फुटंल! पोरांना मागे घ्या!"

सगळे वळून बघायला लागले. दाढी वाढलेला, बंडीतला हिलरी मागच्या दारातून भिंतीपर्यंत धावत आला आणि तिथे पोचल्यावर त्याला कळलं की आपण बाहेर आलो आहोत. तो लाजेने कानापर्यंत लाल झाला. परत फिरेल असं मला वाटलं. पण काडेपेटी अजून रमेशच्या हातात होती.

"मातीवर लावायची असते," तो खाली बघत म्हणाला. "मडकं इकडे द्या. तुमी गल्लीतून फिरून या."

माणसं गल्लीतून निघाली. पण गल्लीकडून हिलरीचं घर कुणाला ठाऊक? त्यांनी पहिल्याच ओट्यावर बसलेल्या माणसाला विचारलं, आणि तो होता पॉल. तो उठला, त्यांना घेऊन हिलरीच्या फाटकापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला.

हिलरी माझ्या भोकावर चिखल थापत होता. त्याने मान वर केली.

"पॉल," तो म्हणाला, "मी हात वर केलेला. आन मीच विकली. तुझ्या तोंडाकडे बघायची लाज वाटते मला."

पॉल फाटकाची कडी चाचपत म्हणाला, "मी पन गेलतो बिल्डरकडे. तुझ्या आधी. माझी वाडी रस्त्याला लागत नाय म्हनून त्यानं घेतली नाय. गावाला वाटतं मी शब्द पाळला. कुठल्या तोंडानं येऊ तुझ्याकडे?"

सुमेधाला काही उमगलं नाही, पण ती शहाणी, पोरांना घेऊन बाजूला सरकली. रोझलिनने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "झावळ्या कोन आननार? ही पोरं उपाशी हायत."

पॉल झावळ्या आणायला गेला.

जाळ पेटला. पोरांनी शेकून घेतलं, म्हाताऱ्यांनी हात पुढे केले. थोड्या वेळाने हिलरीने माझ्यावर पाणी शिंपडलं, चर्र आवाज आला, म्हणजे पोपटी झाली. सुमेधाने पहिली शेंग त्यालाच दिली. तो सगळ्यांमधे बसून जेवला, पण इमारतीच्या बाजूला पाठ करून.

मित्रांनो, लाज त्या जाळात जळून गेली असं मी सांगणार नाही. विहीर परत आली नाही आणि हिलरी अजूनही त्या भिंतीकडे सरळ बघत नाही. पण आता हवा गार झाली की पॉल सकाळी फाटकाशी येऊन खाकरतो आणि दोघे शेंगा, पाला बघायला बांधावर जातात. कधी सुमेधा पोरांना घेऊन मागे जाते. त्या हिवाळ्यानंतर रोझलिनने डॉक्टरचं नाव काढलं नाही.

मला कुणी रंगवून दिवाणखान्यात ठेवावं, असं माझं मागणं नाही. पावसात आडोशाला ठेवा, तेवढं पुरे. मात्र तुमच्या गल्लीत थंडीच्या दिवसांत एखादं दार सारखं बंद दिसलं, तर तो माणूस तुमच्यावर रागावला आहे असं समजून लांब राहू नका. पॉल आणि हिलरी आपापल्या लाजेपायी एकमेकांपासून लांब राहिले होते, आणि त्या दोघांपैकी एकालाही राग आलेला नव्हता.