टॉफीच्या शेपटीची लाल रिबीन

त्या शनिवारी सुहासिनीने टॉफीला असं काही सजवायला घेतलं होतं, की बघणाऱ्याला वाटावं, घरात मुंज आहे. टॉफी म्हणजे तिच्या तेरा वर्षांच्या निधीचा पोनी. तपकिरी, बुटका, पोट सुटलेला, आणि आपण फार देखणे आहोत अशा समजुतीत वावरणारा. आदल्या दिवशी मायलेकींनी त्याला गार पाण्याने आंघोळ घातली होती, पांढऱ्या पायांना खडूची पूड चोळली होती, खोगिराचं चामडं साबणाने पुसून पुसून मऊ केलं होतं. आता उरली होती आयाळ. तिच्या छोट्या छोट्या वेण्या घालायच्या, दुमडायच्या आणि सुईदोऱ्याने टाचून त्यांच्या गाठोड्या करायच्या. इथे विलायतेत शिकारीला निघताना पोनी असाच आणायचा असतो.

वेण्यांच्या बाबतीत मात्र सुहासिनी कुणाचं ऐकणारी नव्हती. कार्डिफच्या हॉस्पिटलात ती भूलतज्ज्ञ होती आणि सुई टोचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण वेणी ही तिची खरी विद्या. तबेल्यातल्या बाकीच्या आया रबरबँड लावून मोकळ्या झाल्या. हिने एकेक गाठोडी अशी बसवली, की तबेल्याच्या मालकीणबाई, मिसेस प्रिचर्ड, मुद्दाम दोनदा येऊन बघून गेल्या. सुहासिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन वर्षं ती या लोकांत कडेला उभी राहून हसत होती. आज पहिल्यांदा कुणी तिचं काही निरखून बघत होतं.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मिसेस प्रिचर्डच्या हातात लाल रिबीन होती.

"ही शेपटीला बांध," त्या निधीला म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात याने बादली लाथाडली. लाल रिबीन दिसली की मागचे लोक लांब राहतात. आणि तू सगळ्यांच्या शेवटी राहायचंस."

निधीने मुकाट्याने रिबीन घेतली आणि शेपटीच्या मुळाशी घट्ट बांधली. सुहासिनीचा चेहरा उतरला. मिसेस प्रिचर्ड शिकारीच्या वाटेवरचं पुढचं फाटक उघडायला म्हणून गाडी काढून निघून गेल्या, तशी ती हळूच म्हणाली, "अगं, बादलीच तर होती. कुणा माणसाला मारलंय का त्याने?"

"तरी पण बांधायला लागतो रिबीन. इट्स द रूल, आई."

"एवढा नटवला त्याला, आणि मागे ते लाल लक्तर! सगळ्यांना सांगायचं, बघा हो, आमचा पोनी वाईट आहे."

"तो वाईट नाही आहे. तो लाथ मारतो, दॅट्स ऑल. एरिनच्या आईच्या घोड्याला पण होता लाल, कोणी काही बोलत नाही."

एरिन निधीची मैत्रीण. तिच्या आईचं ठीक आहे, सुहासिनीच्या मनात आलं. त्यांचे आजे-पणजे इथे घोडे उडवत आले. आपल्याकडे बघताना लोकांना आधी काय दिसणार? ती रिबीनच. आणि मग नावं ठेवायला कितीसा वेळ लागतो?

तिचंही फार काही चुकत होतं असं नाही. उणं झाकायच्या शाळेतच ती शिकली होती. अंबरीश तिला बघायला आला तेव्हा आईने तिचा जाड भिंगांचा चष्मा काढून कपाटात ठेवला होता. पोह्यांच्या बश्या तिने अंदाजाने वाटल्या. लग्न ठरलं, झालं, चष्मा नंतर बाहेर आला, अंबरीश हसला, संपलं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. जरासं झाकावं, वेळ निभावून न्यावी, एवढं एक शहाणपण ती बरोबर घेऊन विलायतेला आली होती.

निधी खोगिरावर बसली. तिचा कोट नीट केला, बूट पुसले, आणि मग शेपटीवरून शेवटचा हात फिरवायच्या निमित्ताने सुहासिनी मागे गेली. गाठ सोडली. रिबीन स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली. निधी समोर बघत होती. खोगिरावर बसलेल्याला आपल्या पोनीची शेपटी दिसत नाही.

गावातल्या चौकात तीसेक घोडी जमली होती. कोल्ह्याची शिकार कायद्याने कधीच बंद झाली, आता कुत्रे जमिनीवरून ओढलेल्या फडक्याच्या वासामागे धावतात, पण थाट सगळा जुनाच. टॉफीच्या वेण्या बघून शिकारीच्या म्होरक्याने टोपीला हात लावला. "फार सुंदर," तो म्हणाला. निधी लाजून लाल झाली आणि सुहासिनीला वाटलं, केलं ते योग्यच केलं.

शिंग वाजलं, कुत्रे सुटले. सुहासिनी आणि पायी आलेली चार माणसं शेताच्या पाऊलवाटेने आधीच पहिल्या फाटकाशी येऊन थांबली. फाटक अरुंद होतं, चिखल घोट्यापर्यंत. घोडी एकेक करून आत जात होती. निधी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी, टॉफीला आवरत उभी होती.

तेवढ्यात मागून एरिन आली. वर्गात निधीशेजारी बसणारी, तिला या सगळ्यात ओढून आणणारी एरिन. तिचा करडा पोनी उशिरा निघाला होता. "निधी!" अशी हाक मारत ती थेट टॉफीच्या मागे येऊन थांबली. का नाही थांबणार? शेपटीला काहीच नव्हतं.

टॉफीचे कान मागे पडले. सुहासिनीला ते दिसले. ती ओरडली सुद्धा, पण मराठीत, "मागे हो!" आणि एरिनने नुसतं हसून तिच्याकडे बघितलं. मग टॉफीचे मागचे दोन्ही पाय एकदम उडाले. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

एरिन चिखलात पडली होती आणि गुडघ्याखाली तिचा पाय भलत्याच बाजूला वळला होता. फाटलेल्या बुटातून हाड बाहेर आलं होतं. सुहासिनी गुडघ्यांवर बसली, रक्त दाबून धरलं, आणि एका हाताने अँब्युलन्ससाठी खिशातून फोन ओढला. फोनबरोबर रिबीनही बाहेर आली आणि तिच्या बोटांना लोंबत राहिली.

पुढच्या फाटकावरून मिसेस प्रिचर्ड धावत आल्या होत्या. "रिबीन कुठे आहे?" त्या निधीवर कडाडल्या. "तुझ्या हातात दिली होती मी!"

"मी बांधली होती! आय स्वेअर, मी बांध..."

निधी थांबली. ती आईच्या हाताकडे बघत होती. तिचा चेहरा आधी काहीच न कळल्यासारखा झाला, आणि मग सगळं कळल्यासारखा. सुहासिनीने रिबीन मुठीत घेतली. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे एरिनकडे बघत होते.

"सॉरी," निधी इंग्रजीत म्हणाली. "मी बांधायला विसरले."

घोड्यावरून उतरून धावत आलेली एरिनची आई निधीकडे वळली आणि जे बोलली ते लहान मुलीला बोलायचं नसतं. निधी मान खाली घालून ऐकत राहिली. फोन करून झाला होता, सुहासिनीचे दोन्ही हात परत जखमेवर होते, पण तोंड तर मोकळं होतं. मी सोडली. एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले आणि चारचौघांचे चेहरे बघून तिने ते गिळले. आत्ता नको, आधी पोरीचा पाय, असं तिने स्वतःला सांगितलं. अँब्युलन्स येऊन गेली तरी सांगायची ती वेळ काही आली नाही. डॉक्टरांना तो पाय बहुधा कापावा लागेल हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिला कुणाकडे बघवेना.

म्होरक्याने टोपी काढली होती. "पोनी घरी घेऊन जा," तो निधीला म्हणाला, "आणि परत कुणी येऊ नका." तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं.

निधी खाली उतरली आणि लगाम धरून चालायला लागली. वेण्या अजून जशाच्या तशा होत्या, एकही दोरा सुटला नव्हता. गाव मागे पडलं. सुहासिनी चिखलाने माखलेली, तिच्या मागून जवळजवळ पळत होती.

"निधी, ऐक ना... मी सांगते त्यांना. उद्या सांगते."

निधीने मागे वळून बघितलं नाही.

"मागून नको येऊ, आई," ती म्हणाली. "तो लाथ मारतो."