मी उपसलेली वाळू

मित्रांनो, लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाच्या आडोशाला एक काळी बोट एका कुशीवर कलून पडलेली आहे. तिच्यावर पक्षी बसतात आणि पोरे तिला खडे मारतात. ती मीच. मी एक जुनी गाळ काढणारी बोट आहे. माझ्यासारखीने आपली कहाणी सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मी कधी दूरदेशी गेले नाही, वादळात कुणाला वाचवले नाही. जन्मभर चिखल उपसला. पण या बंदराची गोष्ट नुसती वरून सांगून भागत नाही, ती तळापासून सांगावी लागते, आणि हा तळ माझ्याइतका कुणी पाहिलेला नाही. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

मी आले तेव्हा इथे बंदर म्हणावे असे काही नव्हते. नदी समुद्राला मिळत होती आणि तिच्या मुखाशी एक लाकडी धक्का होता, एवढेच. शिडाची गलबते भरतीला आत येत आणि ओहोटीला चिखलात बसून राहत. पण जागा मोठ्या मोक्याची होती. दोन समुद्रांना जोडणारा मार्ग इथून हाकेच्या अंतरावर. ज्याच्या ताब्यात हे मुख, त्याच्या ताब्यात पलीकडचा सगळा व्यापार, असे जाणती माणसे म्हणत. अडचण एकच होती, पाणी उथळ होते. म्हणून मला लांबच्या एका कारखान्यात बांधले आणि दुसऱ्या जहाजाच्या मागे ओढत इथे आणले.

माझ्या पोटातून एक लोखंडी साखळी खाली जात असे. रहाटाला पोहरे असावेत तशा तिला मोठमोठ्या बादल्या होत्या. त्या तळ खरवडत, भरून वर येत आणि वरच्या पन्हळीत पालथ्या होत. तो गाळ शेजारच्या पडावात, म्हणजे सपाट तळाच्या होडीत, पडे, आणि पडाव तो लांब खोल समुद्रात नेऊन टाकत. दिवसभर नुसता खडखडाट. शुभ्र जहाजांच्या रांगेत मी म्हणजे बंदराला लावलेले गालबोट, असे खलाशी म्हणत. मला राग येत नसे. त्या जहाजांच्या पोटाखालचे पाणी मीच करून दिलेले होते.

लाकडी धक्क्याच्या जागी दगडी धक्का झाला. वाफेची जहाजे आली, गोदामे उठली, रेल्वेचे रूळ पार पाण्यापर्यंत आले. मग युद्ध आले. करड्या रंगाची जहाजे खेटून उभी राहिली आणि आमच्या एवढ्याशा नदीमुखाचा नकाशा कुठल्या कुठल्या टेबलांवर पसरला गेला. युद्ध सरले तशी तेलाची जहाजे आली, त्यांच्या मागून कंटेनरची. प्रत्येक जहाज आधीच्यापेक्षा मोठे आणि प्रत्येकाचे मागणे तेच, आणखी खोल. मी खणत राहिले.

माझ्या कामाच्या शेवटच्या काळात माझ्यावर एक मिस्त्री होता. हातात लांब आकडी घेऊन पन्हळीपाशी उभे राहायचे आणि धोंडे बाजूला ओढायचे, म्हणजे साखळी अडकत नाही, हे त्याचे काम. गाळातून कधी जुना नांगर निघे, कधी बाटली, कधी पितळेची कडी. त्याबद्दल आमच्याकडे एक रीत होती. ज्याची आकडी आधी लागेल, वस्तू त्याची. त्यावर हुज्जत घालायची नाही. आमचा फिटर तर काही चमकलेले दिसले की इंजिन सोडून धावत येई. त्याच्या बायकोने घरात आता भंगार ठेवायचे की तुम्हाला, असे विचारले होते म्हणे.

मिस्त्रीचे घर मुखाच्या दक्षिणेला, वाळूच्या पट्ट्यावरच्या गल्लीत होते. त्याच्या वडिलांनी बांधलेले, दोन खोल्यांचे. घरात तो आणि त्याची आई. एकदा घरच्या माणसांना बोट दाखवायला आणायची परवानगी मिळाली, तेव्हा ती माउली धापा टाकत शिडी चढून वर आली आणि माझ्या बादल्यांकडे बघत राहिली.

"एवढं खाते, तरी हिची भूक भागत नाही का रे?"

"नदी रोज नवा गाळ आणते, आई."

"नदी चिखल आणते. ही तर वाळू आहे." पन्हळीत हात घालून तिने मूठभर वाळू काढली. "आणि नेता कुठे ही?"

"लांब समुद्रात. परत येऊ नये म्हणून."

तिने मूठ उघडून वाळू पुन्हा पन्हळीत सोडली. मग म्हणाली की, मागच्या दारापुढचा उतार हल्ली फार जवळ आला आहे. मिस्त्री हसला. "आम्ही मुखाशी खणतो, तुझ्या दाराशी नाही. घराला काही होत नाही. मी आहे ना."

तो खोटे बोलत नव्हता. आम्हा सगळ्यांची तशीच समजूत होती. दर वर्षी खणलेले पुन्हा भरून येई आणि आम्ही नदीला शिव्या देत असू. पाण्याची खोली रोज मोजली जाई. काठ मोजायचे काम मात्र कुणाकडेच नव्हते. खड्डा केला की शेजारची वाळू त्यात घसरते, हे वाळूत खेळणाऱ्या कोणत्याही पोराला माहीत असते. आम्हाला ते सुचले नाही.

मग बादल्यांतून कौलांचे तुकडे येऊ लागले. एकदा फिटरच्या आकडीला दाराची पितळी कडी लागली. त्याने ती खुशीत पुसली, आणि मिस्त्रीचा चेहरा उतरला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शिंपीणबाईंचे घर नुकतेच समुद्राने नेले होते. ती कडी त्यांच्या दाराची होती.

"घे," फिटर म्हणाला, "नेऊन दे त्यांना."

मिस्त्री बंदराच्या साहेबांकडे गेला, वाळू लांब न नेता काठावर टाकावी असे सांगायला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्याला बसवून घेतले, सगळे ऐकले. वाळू काठावर टाकायची तर पडाव उपसून रिकामे करायला दुप्पट वेळ लागेल, म्हणाले. सगळ्यांत मोठे जहाज यायचे आहे, ते दुसऱ्या बंदराला गेले तर परत येणार नाही. एकदा पाण्याला खोली मिळू दे, मग काठाचे बघू. मिस्त्री मान डोलवून परत आला. गावाची चूल बंदरावर पेटत होती. त्याच्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशनही बंदराच्याच दवाखान्यात झाले होते.

आता त्याने आईच्या मागे घर सोडायचा लकडा लावला. ती शेवटी म्हणाली, "तू खणायचं सोड, मी घर सोडते."

हे त्याने फिटरला सांगितले ते मी ऐकले. दुसऱ्या दिवशी तो आकडी घेऊन पन्हळीपाशी उभा होता.

घर एका भरतीत गेले, भर दुपारी. तो कामावर होता. शेजाऱ्यांनी आईला हाताला धरून बाहेर काढले. पुढे बंदराने तिला वसाहतीत चौथ्या मजल्यावर एक खोली दिली. खिडकीसमोर गोदामाची भिंत.

काही आठवड्यांनी बादलीतून एक रुंद, सपाट दगड वर आला आणि पन्हळीत अडकला. धुण्याचा दगड होता, घासून घासून मधोमध खोलगट झालेला. कुणीही आकडी पुढे केली नाही. फिटरने हुकुमाची वाट न बघता इंजिन बंद केले. मिस्त्रीने आकडी खाली ठेवली आणि दगडाला दोन्ही हात घातले.

त्याने तो वसाहतीत नेला. तिथे ठेवायला जागा नव्हती, म्हणून पलंगाखाली सरकवला. आईने वाकून त्या खोलगट जागेवरून हात फिरवला.

"कुणी काढला?"

"मीच, आई."

"बरं झालं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी काढला असता तर मला त्याचा राग आला असता."

हे फिटरला सांगताना मिस्त्री दुसरीकडे बघत होता. पुढे थोड्याच दिवसांत त्याने काम सोडले. मोठे जहाज आले. बँड वाजला, भाषणे झाली, बंदराचा गौरव झाला. नळाने वाळू ओढणारी नवी बोट आली आणि मला इथे आणून टाकले.

मित्रांनो, बंदर वाईट आहे असे मी म्हणत नाही. तुमची औषधे आणि तुमचे धान्य त्याच वाटेने येते. पण बंदर पाहायला याल तेव्हा क्रेनकडे बघून झाले की दक्षिणेकडेही बघा. तिथे अजून काही घरे उभी आहेत. भरतीला पाणी त्यांच्या पायऱ्यांना लागते. नवी बोटही वाळू लांबच नेऊन टाकते. ती काठावर टाकली तर ती घरे वाचतील, असे मला वाटते. मी शिकलेली नाही, माझे चुकतही असेल. तरी कुणाला तरी विचारा. मला आता जागचे हलता येत नाही, आणि माझे कुणी ऐकतही नाही. तुमचे कदाचित ऐकतील.